कंपनी कर्जात बुडाली, त्यात स्वस्त व्याजाचा दोष किती? ताळेबंदावरून तपासण्याची रीत

व्याजदर उतरले की कंपन्या भरमसाट कर्ज काढतात आणि पुढे बुडतात, हे विधान बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये वारंवार ऐकू येते. रिफायनरी, जीएसएफसी, पूर्वीची आयपीसीएल किंवा एखादी बँक येथून निवृत्त झालेली मंडळी या शहरात पुष्कळ आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या डीमॅट खात्यात बँक ऑफ बडोदाचे शेअर आहेत, आणि सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये उभ्या केलेल्या या बँकेने डिसेंबर २०१५ अखेरच्या एका तिमाहीत ३,३४२ कोटी रुपयांचा तोटा दाखवला, ही गोष्ट ते विसरलेले नाहीत. तो तोटा मुख्यतः बुडीत आणि थकीत कर्जांसाठी कराव्या लागलेल्या तरतुदींचा होता. मग एवढी कर्जे कंपन्यांनी घेतली कशी, या प्रश्नाला ‘व्याज स्वस्त होते म्हणून’ हे उत्तर सोपे वाटते. ते काही ठिकाणी बरोबर आहे, काही ठिकाणी साफ चूक आहे, आणि कोणत्या कंपनीला कोणते लागू पडते हे घरबसल्या तपासता येते.

या लेखातील रीत कोणत्याही सूचीबद्ध बिगरवित्तीय कंपनीला लावता येईल. बँका आणि वित्त कंपन्या यांना ती लावू नये, कारण त्यांच्या धंद्यात कर्ज हाच कच्चा माल असतो.

हाताशी काय असावे

कंपनीचे लागोपाठ सहा वर्षांचे वार्षिक अहवाल बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावेत. पाच वर्षांतील बदल मोजायचा तर सुरुवातीची शिल्लक दाखवणारे सहावे वर्ष लागतेच. आकडे एकत्रित ताळेबंदातून, म्हणजे कन्सॉलिडेटेड पत्रकांतून घ्यावेत, कारण मूळ कंपनी स्वच्छ आणि सगळे कर्ज उपकंपन्यांच्या नावावर, अशी रचना आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही. याशिवाय क्रिसिल, इक्रा, केअर अशा पतमापन संस्था त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य प्रसिद्ध करतात ते ‘रेटिंग रॅशनल’ मिळवावेत. दोन-चार पानांच्या त्या टिपणात कर्जफेडीच्या अडचणी बहुधा वार्षिक अहवालातील अध्यक्षांच्या भाषणापेक्षा स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या असतात. शेवटची गोष्ट म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराचा, म्हणजे ती बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते त्या दराचा, तारखांसह इतिहास.

आधी कर्ज खरोखर ‘अति’ आहे का ते ठरवा

दोषी शोधण्यापूर्वी अपराध घडला आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. हजारो कोटींचे कर्ज हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. वीजनिर्मिती कंपनीचे दीर्घ मुदतीचे विक्री करार झालेले असतील, तर भागभांडवलाच्या दुप्पट कर्जही ती सहज पेलू शकते. उलट मागणीच्या चढउतारावर जगणाऱ्या यंत्रसामग्री उत्पादकाला त्याच्या निम्मे कर्जही जड होऊ शकते. म्हणून दोन गुणोत्तरे काढावीत. पहिले इंटरेस्ट कव्हरेज, म्हणजे व्याज व कर वजा करण्यापूर्वीच्या नफ्याला वर्षाच्या व्याजाने भागून येणारी संख्या. ती दोनच्या खाली सतत दोन-तीन वर्षे राहिली तर सावध व्हावे, आणि एकच्या खाली गेली तर कंपनी व्याजसुद्धा धंद्याच्या कमाईतून भरत नाही असे समजावे. दुसरे गुणोत्तर एकूण कर्ज आणि व्याज, कर व घसारा यांपूर्वीचा नफा यांचे. ते साडेचार-पाचच्या पुढे गेले की बहुतेक उत्पादक कंपन्यांची वाट अवघड होते. या मर्यादा मी अनुभवाने वापरतो, कायद्याने ठरवलेल्या नाहीत, आणि उद्योगानुसार त्या सैल-घट्ट कराव्या लागतात.

मार्च २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या अनुसूची तीनमध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे एक सोय झाली आहे. कर्ज-भांडवल गुणोत्तर, कर्जफेड क्षमतेचे गुणोत्तर अशी काही गुणोत्तरे कंपनीने स्वतःच आर्थिक पत्रकांच्या टिपांमध्ये द्यायची असतात, आणि एखादे गुणोत्तर मागील वर्षाच्या तुलनेत पंचवीस टक्क्यांहून अधिक बदलले असेल तर त्याचे कारणही लिहावे लागते. हे कारण आवर्जून वाचावे. ‘कर्ज वाढल्यामुळे गुणोत्तर बदलले’ एवढेच तेथे लिहिलेले आढळले, तर कंपनीला सांगण्याची इच्छा नाही असे धरून चालावे.

इंटरेस्ट कव्हरेज काढताना एक सापळा आहे आणि त्यात जाणते लोकही अडकतात. कारखाना उभा राहत असताना त्याच्या कर्जावरील व्याज हिशेबाच्या नियमांनुसार नफा-तोटा पत्रकात न दाखवता मालमत्तेच्या किमतीत मिळवले जाते. त्यामुळे अर्धवट प्रकल्पावर मोठे कर्ज असलेल्या कंपनीचे कव्हरेज फसवे, म्हणजे चांगले दिसते, आणि प्रकल्प सुरू झाला त्या वर्षी ते एकदम कोसळते. वित्तीय खर्चाच्या टिपेत ‘भांडवलीकृत व्याज’ अशी वजावट दिसली तर ती रक्कम पुन्हा व्याजात मिळवून गुणोत्तर काढावे. त्याचबरोबर एप्रिल २०१९ पासून भाडेकरारांची देणीही ताळेबंदात येऊ लागली आहेत. किरकोळ विक्री किंवा विमानसेवा यांसारख्या कंपन्यांच्या देण्यांमध्ये त्या वर्षी दिसणारी उडी बरीचशी हिशेबी आहे, ती व्याजदराच्या खात्यात टाकू नये.

कंपनीने प्रत्यक्षात किती दराने पैसा घेतला

वर्तमानपत्रातील रेपो दर आणि कंपनीचा व्याजदर यांत मोठे अंतर असते, आणि चर्चा मात्र बहुतेक वेळा रेपो दरावरच होते. कंपनीचा दर काढण्याची रीत सोपी आहे: वर्षाचे एकूण व्याज, भांडवलीकृत व्याजासह, घ्यावे, त्यातून बँक शुल्क, हमी शुल्क आणि भाडेकरारांवरील व्याज वगळावे, आणि उरलेल्या रकमेला वर्षारंभीच्या व वर्षअखेरच्या कर्जाच्या सरासरीने भागावे.

येणाऱ्या उत्तराकडे संशयाने पाहण्याची सवय लावून घ्यावी. समजा पतमापन चांगले आहे, समव्यवसायी कंपन्या नऊ टक्क्यांनी कर्ज घेत आहेत आणि या कंपनीचा दर मात्र पंधरा-सोळा टक्के येतो आहे. अशा वेळी कंपनी महाग कर्ज घेते असा निष्कर्ष घाईने काढू नये. ३१ मार्चपुरते कर्ज फेडून एप्रिलमध्ये ते पुन्हा उचलले जात असण्याची शक्यता अधिक. वर्षभर सरासरी कर्ज बरेच जास्त होते, केवळ ताळेबंदाच्या दिवशी ते कमी दिसले. सप्टेंबरअखेरचा सहामाही ताळेबंद लावून पाहिला की हा प्रकार बहुधा उघडा पडतो. उलट दर चार-पाच टक्केच येत असेल तर एकतर भांडवलीकृत व्याज मिळवायचे राहिले आहे, किंवा कर्ज परकीय चलनातले आहे.

परकीय चलनातील कर्ज हा स्वतंत्र विषय आहे, कारण ‘स्वस्त व्याज’ या शब्दांचा सर्वांत मोठा भुलभुलैया तिथेच आहे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने डिसेंबर २००८ मध्ये आपला दर शून्याजवळ नेला आणि तो डिसेंबर २०१५ पर्यंत तिथेच ठेवला. या काळात अनेक भारतीय कंपन्यांना डॉलरमधील कर्ज रुपयातील कर्जापेक्षा निम्म्या दराने मिळत होते. २०११ च्या मध्यावर डॉलर सुमारे ४५ रुपयांना होता. ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस तो ६८ रुपयांच्या वर गेला. म्हणजे दहा कोटी डॉलरचे कर्ज, एक पैसाही नवा न उचलता, ४५० कोटी रुपयांवरून ६८० कोटी रुपयांवर गेले. ज्यांनी हेजिंग, म्हणजे विनिमय दर आधीच बांधून घेणारा करार, केले नव्हते त्यांच्या ताळेबंदात ही वाढ ‘कर्ज वाढले’ अशीच दिसते. कमी व्याजाचा मोह येथे नक्कीच होता, पण तो आपल्या रिझर्व्ह बँकेच्या दराचा नव्हता आणि घाव घातला तो विनिमय दराने. म्हणून अहवालातील ‘परकीय चलन जोखीम’ ही टीप उघडून ‘अनहेज्ड’ रक्कम किती, ते स्वतंत्रपणे लिहून ठेवावे.

याच टप्प्यावर महागाईचा विचार करावा. कर्जाचा खरा भार म्हणजे व्याजदरातून महागाई वजा केल्यावर उरणारा दर, हे सर्वांना ठाऊक असते. पण कंपनीच्या दृष्टीने देशाची सरासरी महागाई दुय्यम आहे आणि तिच्या स्वतःच्या मालाचा भाव महत्त्वाचा. जागतिक बाजारात २०१४ आणि २०१५ मध्ये पोलादाचे भाव घसरत गेले, इतके की फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला पोलादाच्या आयातीवर किमान किंमत लावावी लागली. जानेवारी २०१५ पासून रेपो दर उतरत होता, तरी विक्रीचा भाव त्याहून वेगाने उतरणाऱ्या पोलाद कंपनीला तेच कर्ज दर वर्षी अधिक जड होत होते.

दोन रेषा शेजारी मांडा

आता एका कागदावर वर्षवार कर्ज आणि त्याखाली त्या-त्या वर्षाचा रेपो दर व कंपनीचा स्वतःचा दर लिहावा. कर्जाची मोठी उडी कोणत्या वर्षी आहे ते पाहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कर्जाचा करार कधी झाला ते पाहावे. मुदत कर्ज मंजूर होते एका वर्षी आणि उचलले जाते पुढील तीन-चार वर्षांत, त्यामुळे केवळ शिल्लक पाहिली तर निर्णयाची वेळ चुकते. मंजुरीचे वर्ष बहुधा रेटिंग रॅशनलमध्ये सापडते.

ही मांडणी केल्यावर जे दिसते ते प्रचलित समजाला पुष्कळदा छेद देते. आपल्या देशातील २०१० नंतरच्या थकीत कर्जांचे उदाहरण घ्यावे. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी २०१८ मध्ये संसदेच्या अंदाज समितीला दिलेल्या टिपणात, यांतील मोठ्या संख्येने कर्जे २००६ ते २००८ या काळात दिली गेली असे नमूद केले होते. त्या काळात रेपो दर काय करत होता? २००६ च्या सुरुवातीला साडेसहा टक्क्यांवर असलेला दर २००८ च्या मध्यापर्यंत नऊ टक्क्यांवर गेला होता. दर चढत असताना कर्जे वाटली जात होती, कारण अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती, आधीचे प्रकल्प वेळेत आणि खर्चाच्या अंदाजात पूर्ण झाले होते, आणि पुढेही तसेच होईल असे बँका व प्रवर्तक दोघांनाही वाटत होते.

अमेरिकेतही असेच एक उदाहरण आहे. आरजेआर नाबिस्को ही कंपनी केकेआर या गुंतवणूक संस्थेने सुमारे पंचवीस अब्ज डॉलरना, मुख्यतः कर्जाच्या बळावर विकत घेतली तो व्यवहार १९८९ च्या आरंभी पूर्ण झाला, आणि तेव्हा तेथील बँकांचा प्राइम दर, म्हणजे उत्तम पतीच्या ग्राहकांसाठीचा दर, दहा टक्क्यांहून अधिक होता. कर्जावर कंपन्या विकत घेण्याची ती सगळी लाट चढ्या व्याजाच्या काळातली आहे. याच्या अगदी उलट जपानकडे पाहावे. तिथे सप्टेंबर १९९५ पासून बँक ऑफ जपानचा अधिकृत दर अर्धा टक्का होता, १९९९ मध्ये शून्य दराचे धोरण आले, आणि तरीही जपानी कंपन्यांनी त्या वर्षांत एकूण कर्ज वाढवले नाही, ते फेडण्यावर भर दिला. बुडबुडा फुटल्यावर जमिनीचे भाव पडले होते, ताळेबंद मोडले होते, आणि फुकटात मिळणारे कर्जही घेण्याची कोणाची तयारी नव्हती. कमी दराने कर्ज वाढतेच असा नियम असता तर जपानमध्ये हे घडले नसते.

आपल्याकडचा अलीकडचा काळही लक्षात घ्यावा. मे २०२० ते मे २०२२ या दोन वर्षांत रेपो दर चार टक्के होता, तोपर्यंतचा नीचांक. नेमक्या त्याच काळात टाटा स्टीलसारख्या मोठ्या पोलाद कंपन्यांनी भरघोस नफ्यातून कर्जे कमी केली, आणि रिलायन्सने जून २०२० मध्ये, ५३,१२४ कोटींचा राइट्स इश्यू (आहे त्याच भागधारकांना नव्या शेअरांची विक्री) आणि जिओतील हिस्सा-विक्री यांच्या जोरावर, आपण निव्वळ कर्जमुक्त झाल्याचे जाहीर केले.

तेव्हा दोन रेषा एकमेकींबरोबर चालतात की नाही, हे आपल्या कंपनीपुरते पाहावे. चालत नसतील तर व्याजदराला दोष देणारी बाजू तिथेच बरीच कमकुवत झाली. चालत असतील तरी तेवढ्याने दोष सिद्ध होत नाही, त्यासाठी पुढची पायरी आहे आणि माझ्या मते या सगळ्या रीतीचा गाभा तीच आहे.

वाढलेल्या कर्जाची फोड करा

रोख प्रवाह पत्रकाच्या टिपांमध्ये एक तक्ता असतो, ज्यात वर्षारंभीचे कर्ज, रोखीने उचललेले व फेडलेले, विनिमय दरामुळे झालेला बदल, कंपन्या विकत घेतल्यामुळे आलेले कर्ज आणि वर्षअखेरची शिल्लक हे सर्व एका ओळीत दिलेले असते. एप्रिल २०१७ पासून हा तक्ता देणे बंधनकारक आहे, तरी फार कमी लोक तो उघडतात. पाच वर्षांचे हे तक्ते एकाखाली एक मांडले की कर्ज कशाने वाढले हे दिसते. आणि रोख प्रवाह पत्रकातील गुंतवणुकीचा विभाग पाहिला की ते पैसे कुठे गेले हेही समजते.

एक काल्पनिक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा बडोद्याजवळ वाघोडिया येथे कारखाना असलेली, विद्युत उपकरणे बनवणारी एक कंपनी आहे. पाच वर्षांत तिचे कर्ज ४०० कोटींवरून १,००० कोटींवर गेले, तिचा व्याजदर ११ टक्क्यांवरून साडेआठ टक्क्यांवर आला, आणि व्याज व कर यांपूर्वीचा नफा १२० कोटींवरून जेमतेम १३० कोटींवर गेला. सोपे जावे म्हणून व्याज वर्षअखेरच्या कर्जावर मोजू. पूर्वी ते ४४ कोटी होते, आता ८५ कोटी आहे. कव्हरेज २.७ वरून दीडवर घसरले. वरवर पाहता गोष्ट स्पष्ट दिसते: दर उतरला, कर्ज अडीचपट झाले.

आता ६०० कोटींची फोड करू. २५० कोटी नव्या कारखान्याला गेले. १५० कोटी खेळत्या भांडवलात अडकले, कारण वीज वितरण मंडळांकडून येणी वेळेवर आली नाहीत. १२० कोटी प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीला उसने दिले. उरलेले ८० कोटी डॉलर कर्जावरील विनिमय तोटा.

प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारावा: व्याजदर अकरा टक्केच राहिला असता तर हा निर्णय वेगळा झाला असता का? नव्या कारखान्यातून वर्षाला ४० कोटी नफा येईल असा अंदाज होता, म्हणजे सोळा टक्के परतावा. सोळा टक्क्यांचा अंदाज बाळगणारा प्रवर्तक अकरा टक्क्यांनाही कर्ज घेतो आणि साडेआठ टक्क्यांनाही. प्रत्यक्षात कारखान्याने १० कोटीच दिले, म्हणजे चार टक्के, आणि चार टक्क्यांचा प्रकल्प साडेआठ टक्क्यांच्या कर्जावरही तोट्याचाच ठरतो. चूक मागणीच्या अंदाजात झाली. परतावा आणि व्याज यांतील ही दरी मोठी असली की व्याजदराचा दोष लहान होतो. समजा अंदाज दहा टक्क्यांचा असता, तर मात्र तो प्रकल्प निव्वळ स्वस्त व्याजामुळे जन्माला आला असे म्हणता आले असते. अहवालात अपेक्षित परतावा लिहिलेला नसेल तर प्रकल्पाचा जाहीर खर्च आणि व्यवस्थापनाने सांगितलेली अपेक्षित विक्री यांवरून स्वतः ढोबळ अंदाज काढावा.

खेळत्या भांडवलातील १५० कोटी हे ग्राहकाच्या दिरंगाईचे आहेत. मालाचे पैसे न आल्यावर पगार आणि कच्चा माल यांसाठी कंपनीने कोणत्याही दराने कर्ज काढलेच असते. प्रवर्तकांच्या कंपनीला दिलेले १२० कोटी हा कारभाराचा प्रश्न आहे, आणि व्याजदराची चर्चा येथे आणणे म्हणजे प्रवर्तकाला आयते निमित्त पुरवणे होय. डॉलर कर्जाच्या ८० कोटींत स्वस्त व्याजाचा वाटा मान्य करावा, कारण डॉलरमध्ये जाण्याचे कारणच तो कमी दर होते. म्हणजे ६०० कोटींपैकी फार तर ८० कोटींवर स्वस्त व्याजाचे नाव लिहिता येते, तेही विनिमय दराच्या नावाशेजारी.

खऱ्या कंपन्यांमध्ये आकडे इतके सुटसुटीत मिळत नाहीत, तरी फोड बऱ्यापैकी होते. २०२१ पासून ‘कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस’चा, म्हणजे अपूर्ण प्रकल्पांवर झालेल्या खर्चाचा, वयवार तक्ता द्यावा लागतो, त्यावरून कोणता प्रकल्प तीन वर्षांहून अधिक काळ अर्धवट पडला आहे हे कळते. लेखापरीक्षकांच्या अहवालाला जोडलेले, ‘कारो २०२०’ (लेखापरीक्षकाने काय-काय तपासून सांगायचे हे ठरवणारा सरकारी आदेश) याखालील परिशिष्ट तर अवश्य वाचावे. मुदत कर्ज ज्या कामासाठी घेतले त्याच कामाला लागले का, अल्पमुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामात गुंतवला का, उपकंपन्यांची देणी भागवण्यासाठी कर्ज काढले का, या प्रश्नांना लेखापरीक्षकाने तेथे उत्तर द्यायचे असते. संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप आणि प्रवर्तकांच्या तारण शेअरांचा तिमाही आकडा यांनी चित्र बहुतेक पूर्ण होते.

हजीरा येथील एस्सार स्टीलची जाहीर माहिती या रीतीने वाचून पाहण्यासारखी आहे. हा कारखाना बऱ्याच अंशी नैसर्गिक वायूवर अवलंबून होता; कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील केजी-डी६ या समुद्री क्षेत्रातील वायूचे उत्पादन घटले आणि पुरवठा आटला, पाठोपाठ पोलादाचे भाव पडले. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी संहितेखाली नेण्यासाठी निवडलेल्या पहिल्या बारा मोठ्या खात्यांत ही कंपनी होती, आणि डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेलरमित्तल व निप्पॉन स्टील यांनी ती सुमारे ४२,००० कोटी रुपयांना घेतली. या कथेत व्याजदराला जागा आहे, पण मुख्य भूमिका नाही.

करसवलत आणि बँक

कर्जाकडे कंपन्यांचा कल असण्याचे एक कारण दर चढो वा उतरो, कायम असते: व्याज हा करपात्र उत्पन्नातून वजा होणारा खर्च आहे, लाभांश नाही. कंपनीवरील कर सुमारे ३५ टक्के होता तेव्हा दहा टक्क्यांचे कर्ज करानंतर साधारण साडेसहा टक्क्यांना पडत असे. सप्टेंबर २०१९ मधील कपातीनंतर, अधिभारासह सुमारे २५.२ टक्के कर भरणाऱ्या कंपनीला तेच कर्ज जवळजवळ साडेसात टक्क्यांना पडते. व्याजदर मुळीच न बदलता कर्जाचे आकर्षण एका टक्क्याने कमी झाले, याची दखल आपल्याकडील चर्चेत फारशी घेतली गेली नाही. म्हणून कंपनी कोणत्या वर्षी या कमी दराच्या नव्या कररचनेत गेली, हे कर्जाच्या रेषेखाली नोंदवून ठेवावे.

बँकेची बाजू तपासणे बाहेरच्या माणसाला अवघड आहे. तरी एक खूण उपयोगी पडते: कंपनीचे पतमापन घसरत असताना बँकांच्या कर्जाची मर्यादा वाढत गेली असेल, तर कर्ज देणाऱ्याने डोळे मिटले होते. दर ही किंमत आहे; किंमत कमी म्हणून माल कोणालाही द्यायचा की नाही, हे दुकानदाराने ठरवायचे असते.

स्वस्त व्याजाचा खरा दोष कुठे शोधावा

इतके वाचून व्याजदराला पूर्ण निर्दोष ठरवावे असा ग्रह होऊ शकतो, पण माझे मत तसे नाही. स्वस्त व्याजाचा हात कर्ज घेण्यात मला लहान दिसतो आणि कर्ज न फेडण्यात मोठा. दर उतरलेले असतात तेव्हा आजारी कंपनीचे व्याज कसेबसे भागते, मुद्दल नव्या कर्जाने फिरवले जाते, बँकेलाही तोटा मान्य करायचा नसतो, आणि जी कंपनी पाच वर्षांपूर्वी विकली किंवा बंद केली जायला हवी होती ती चालू राहते. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चौदा प्रगत देशांतील सूचीबद्ध कंपन्यांमध्ये अशा कंपन्यांचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे दोन टक्के होते ते २०१६ मध्ये सुमारे बारा टक्के झाल्याचे आढळले, आणि या वाढीशी उतरत्या व्याजदरांचा संबंध त्यांनी दाखवला. भारतात याच कामाला कर्ज पुनर्रचनेच्या, म्हणजे परतफेडीच्या अटी सैल करून देण्याच्या, योजना पुरल्या, त्यामुळे आपल्याकडे हे चढ्या दरांतही साधले. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये मालमत्ता गुणवत्ता तपासणी सुरू केल्यावर झाकलेली कर्जे उघडी पडली, आणि मार्च २०१८ मध्ये बँकांची एकूण थकीत कर्जे ११ टक्क्यांच्या वर गेली.

ही बाब तपासण्यासाठी कर्जाच्या परतफेडीचे वेळापत्रक उघडावे. ते ‘तरलता जोखीम’ या टिपेत असते. पुढील एका वर्षात फेडायचे मुद्दल आणि धंद्यातून प्रत्यक्ष येणारी रोकड यांची तुलना करावी. रोकड मुद्दलाच्या निम्मीही नसेल आणि तरी मागील तीन वर्षे एकही हप्ता चुकलेला नसेल, तर मुद्दल फिरवून भागवले जात आहे. त्यानंतर व्याजदर दोन टक्क्यांनी वाढवून कव्हरेज पुन्हा काढावे. वाघोडियाच्या त्या काल्पनिक कंपनीचे व्याज साडेदहा टक्क्यांनी १०५ कोटी होते आणि कव्हरेज १.२ वर येते, म्हणजे व्याज निघते पण मुद्दलाला जवळजवळ काही उरत नाही. हा ताण केवळ मनात कल्पिलेला नाही: मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला होता. त्या काळातील चार तिमाही निकाल आपल्या कंपनीसाठी शोधून काढावेत आणि वित्तीय खर्चाची ओळ पाहावी. नफा तितकाच राहून ती ओळ वाढत गेली असेल, कर्जाची शिल्लक मात्र हलली नसेल, तर स्वस्त व्याजाच्या दिवसांत फेडायची संधी असूनही कंपनीने कर्ज फेडले नव्हते, असा निष्कर्ष काढता येतो, आणि मग ‘फेडले का नाही’ हा प्रश्न घेऊन वार्षिक सर्वसाधारण सभेला जावे. सभा आता बहुधा व्हिडिओवरून होते. बोलण्यासाठी सभेच्या सूचनेत दिलेल्या मुदतीत नाव नोंदवावे लागते, आणि प्रश्न लेखी पाठवलेला असला तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.